सोसायटीत शिमग्याची पालखी बोलवायची आहे, जाणकारांची मदत हवी

घाटावरचा
नमस्कार मंडळी. मी मूळचा कराडचा, नोकरीपायी रत्नागिरीत येऊन साडेचार वर्षं झाली. आमची सोसायटी शहराच्या कडेला आहे. पूर्वी तिथे वेगळी वाडी होती, आता कुठे वाडी संपते आणि कुठे शहर सुरू होतं ते रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही. २८ फ्लॅट, त्यातले निम्मे आमच्यासारखे बदलीवाले. यंदाच्या शिमगा समितीचा अध्यक्ष मी आहे, कारण ज्या मीटिंगला ही निवड झाली तिला मी गेलो नव्हतो.

गेल्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच हौसेने ग्रामदेवतेची पालखी बोलावली. गेटपासून लॉबीपर्यंत गालिचा, लॉबीत स्टेज, झेंडूच्या माळा, मागे फ्लेक्स, शिवाय स्पीकर. पालखी रात्री ९ ला येईल असा निरोप होता. आली २ वाजून ४० मिनिटांनी. तोवर मुलं झोपली होती, मसाला दुधाची बासुंदी झाली होती आणि स्पीकरवाला स्पीकरवरच डोकं टेकून घोरत होता. ढोल ऐकून सगळे धावत खाली आलो. पालखी गेटातून आत शिरली आणि गालिचा सोडून सरळ डावीकडे वळली. तिथे उघड्यावरचं पार्किंग आहे. ७ नंबरच्या जागेपुढे जाऊन पालखी थांबली. तिथे गाडी उभी. गुरव म्हणाले, गाडी काढा. गाडीवाले शिमग्याला आपल्या गावी गेलेले, चावी त्यांच्याकडे. शेवटी बॉनेटच्या पुढ्यात दोन पाट मांडून पालखी टेकवली, गाऱ्हाणं घातलं, आणि पंधरा-वीस मिनिटांत मंडळी पुढच्या घरी रवाना. स्टेजकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही. पाचव्या मजल्यावरच्या वहिनी ओटीचं ताट घेऊन स्टेजपाशी उभ्या राहिल्या त्या राहिल्याच.

त्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर दोन आठवडे धुळवड चालली. आमचा अपमान झाला असं अर्ध्यांचं मत आहे. तेव्हा विचारायचं असं की पालखीची नक्की वेळ मिळते का, ओटी प्रत्येक फ्लॅटने वेगळी भरायची की एकच, पोस्त (पालखीबरोबरच्या मंडळींना द्यायचे शिमग्याचे पैसे) किती द्यायचं, आणि पालखी स्टेजवर यावी म्हणून कुणाशी बोलावं? गुरवांशी की वाडीच्या प्रमुखांशी?

मांडवीकर
वेळेचा नाद सोडा. पालखी घराघरात जाते. प्रत्येक घरी पाट मांडणं, ओटी, गाऱ्हाणं, मग कुणाचा नवस, कुणाच्या लेकीला लग्नानंतर पहिलाच शिमगा, कुणी म्हातारं अंथरुणाला खिळलेलं म्हणून पालखी खिडकीपाशी न्यायची. एका घराला दहा मिनिटं धरली तर तीस घरांना पाच तास, आणि दहा मिनिटांत कुठलं घर कधीच उरकत नाही. ९ म्हणाले म्हणजे '९ नंतर' असं समजायचं. आमच्याकडे आदल्या घरी पालखी आली की तिथला पोरगा पळत सांगायला येतो. तुम्ही आदल्या दोन घरांचे फोन नंबर घेऊन ठेवा, काम होईल.

आणि गावाचं वेळापत्रक आधी बघा. कुठे तेरसा शिमगा असतो, म्हणजे त्रयोदशीला होळी, कुठे भद्रेचा, म्हणजे पौर्णिमेला. पालखी घरं घेते ती होळी झाल्यावर, काही गावांत आधीही. शेजारच्या दोन वाड्यांचा हिशोब एक असेल असं नाही.

चाकरमानी_डोंबिवली
वेळ नाही तर नाही, निदान दिवस तरी लवकर ठरवा हो! रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुटतं आणि पाच मिनिटांत संपतं. आमच्या मंडळात दर वर्षी तेच, पालखी आमच्या घरी पंचमीला की षष्ठीला यावर गावात चर्चा चालू आणि इकडे तुतारी एक्स्प्रेसची वेटिंग लिस्ट तीनशेवर. गेल्या वर्षी आलो तो दिव्याहून सुटणाऱ्या गाडीने, उभ्याने. चिपळूणला एक आजी उतरल्या तेव्हा टेकायला मिळालं.

सुरंगी
ओटीचं सांगते. इमारतीची मिळून एक ओटी असेल तर खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळदकुंकू, फुलं. नवस असेल त्याने स्वतःची वेगळी भरावी, त्यात कुणाचा रुसवा नको. पाट किंवा चौरंग मजबूत घ्या. घडीचं प्लास्टिकचं टेबल आणू नका, रुपं, म्हणजे देवाचे मुखवटे, लागलेली पालखी चांगली जड असते. खाली तांदळाची रांगोळी. पालखी येताना पायांवर पाणी घालायला तांब्या-घागर तयार हवी. उचलून आणणारे अनवाणी असतात, रात्रभर चाललेले, त्यांच्या पायांवर ऊन पाणी घातलंत तर दुवा देतील. चहा द्याच. मसाला दूध कशाला? रात्री दोनला ते पिऊन पुढच्या घरी नाचायचं कसं?

पोस्ताला दर नसतो. पाकिटात घालून ताटात ठेवा, आकडा मोठ्याने वाचू नका. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाने माइकवरून वाचला होता, तो माइक पुढच्या वर्षी आला नाही.

डेसिबल
स्पीकरचा विषय निघालाच आहे म्हणून. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सणासाठी राज्य सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, तीही वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. २ वाजून ४० मिनिटांनी स्पीकर लावला असतात तर तक्रार करणारा तुमच्याच सोसायटीत निघाला असता.

रापण
डेसिबलभाऊ, ढोल-ताशाला नियम नाही, नियम फक्त भोंग्याला. उगाच घाबरवू नका लोकांना.

डेसिबल
तसं नाही. २०१० च्या दुरुस्तीत वाद्यंही आली. मी कुणाचा ढोल बंद करायला निघालेलो नाही, माझ्या घरीही पालखी येते आणि मीही बोंब मारतो. पण ढोल येतो, पंधरा मिनिटं वाजतो आणि पुढे जातो. स्पीकर आठ वाजल्यापासून एकाच जागी बसून छळतो. पालखी यायच्या आधी सहा तास गाणी कुणाला ऐकवायची होती?

घाटावरचा
स्पीकर रद्द. (गाणी मीच निवडली होती, असो.) सुरंगीताई, पायांवर पाणी घालायचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. उलट गालिचा ओला होईल म्हणून आम्ही पाण्याची बादली बाजूला सरकवली होती.

स्पष्टवक्ता
माफ करा, पण फ्लॅटवाल्यांना हे हवंय कशाला? इव्हेंट हवा, फोटो हवेत. शहरात सांस्कृतिक म्हणून दुसरं काही होत नाही, त्यामुळे देवालाच स्टेजवर चढवायचं.

अबोली
काही होत नाही?? जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव असतो, शाल घेऊन बसा कधीतरी. ज्या वाड्यात ब्रह्मदेशाचा राजा १९१६ साली परक्या मुलखात वारला, त्याच्या आवारात रात्री गाणं ऐकणं हा काय अनुभव असतो ते लिहून सांगता येणार नाही. सावरकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी रंगते तेव्हा दिवसभर दुकानात बसणारी, शाळेत शिकवणारी माणसं रात्री तोंडाला रंग लावून उभी असतात. कीर्तनं होतात, गावोगाव नमनाचे प्रयोग होतात. फक्त हे सगळं आपण होऊन दारात येत नाही, उठून जावं लागतं. दारात येते ती पालखी. म्हणून तर फ्लॅटवाल्यांनाही ती हवीशी वाटते, त्यात वाईट काय?

देवबागकर
आमच्या मालवणात येवा नारळी पुनवेक. धक्क्यार पाय ठेवूक जागा गावाची नाय. दर्याक नारळ सोडलो की मगे नारळ लढवूचो खेळ. एकान नारळ हातात घट्ट धरूचो, दुसऱ्यान आपल्या नारळान तेच्यार हाणूचो, ज्येचो फुटलो तो गेलो. बायकांच्या स्पर्धा होतत तेव्हा पुरुष मागे उभे रवान गुपचूप बघतत. स्टेज नाय, गालिचो नाय, नारळवाल्याचा तेवढा चांगभला.

मांडवीकर
देवबागकर, धागा रत्नागिरीचा आहे, नारळ फोडायला पुढे येऊ नका. :)

बारावाडी
उशिरा बघितला धागा. घाटावरचे, एक साधा प्रश्न. तुमची इमारत उभी राहण्याआधी त्या जागेत काय होतं?

घाटावरचा
जुनं कौलारू घर होतं म्हणतात. मालकांनी बिल्डरला दिलं. त्यांच्या घरच्या आजी पहिल्या मजल्यावर राहतात, सोबत मुलगा-सून. का बरं?

बारावाडी
मग तुमचं उत्तर पहिल्या मजल्यावर आहे, इथे कशाला विचारताय.

पालखी सोसायटीला येत नाही, घराला येते. गावातली घरं, कुठल्या घरानंतर कुठलं, कुणाकडे पाट आणि कुणाकडे चौरंग, कुठे नुसती दारावरून जायची, हे गुरवांच्या आणि मानकऱ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते कागदावर नसतं, म्हणूनच बिल्डरच्या नकाशाने ते बदलत नाही. घर पडलं तरी अंगण तिथेच असतं. माझी पैज आहे, ७ नंबरच्या जागी त्या घराचं अंगण होतं, कदाचित तुळस. तुम्ही 'पहिल्यांदा बोलावली' म्हणता, पण मधली बांधकामाची वर्षं सोडली तर पालखी त्या जागेवर तुमच्या आजोबांच्या आधीपासून येत असेल.

आमच्या शहरातलंच बघा. ग्रामदैवत भैरीबुवा बारा वाड्यांचा मालक. झाडगावला सहाणेवर, म्हणजे पालखीच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, पालखी बसते, तिच्याभोवती आज दुकानं आहेत, वाहनं आहेत, सिमेंट आहे, पण सहाण हललेली नाही. पोलिसांची सलामी घेऊन देव निघतो तेव्हा ट्रॅफिक बाजूला होतो, देव ट्रॅफिकच्या बाजूने जात नाही. होळीसाठी सुरमाडाचं झाड आणताना तर वळणावर वायरी काढून धरतात. आख्खा सुरमाड खांद्यावरून आणताना बघितलाय का कधी? पुढच्याने आरोळी दिली की मागच्याला कळेपर्यंत दहा पावलं पडलेली असतात.

कातळ
बारावाडी बरोबर बोलतायत. आमच्या जुन्या घराच्या जागी आता कॉम्प्लेक्स आहे. पालखी मोबाइलच्या दुकानाच्या शटरपुढे थांबते. दुकानदार परप्रांतीय आहे. पहिल्या वर्षी बिचारा घाबरला, आता आदल्या दिवशी स्वतः शटर धुतो आणि आम्हालाच फोन करून विचारतो, 'भाऊ, नारळ कितने?'

स्पष्टवक्ता
म्हणजे परत मानपानच. मान अमक्याचा, मान तमक्याचा. याच मानापायी काही गावांत वर्षानुवर्षं पालख्या कुलपात आहेत, बंदोबस्तात होळ्या होतात. भागोजीशेठ कीरांनी पदरचे पैसे घालून १९३१ साली सगळ्या जातींसाठी पतितपावन मंदिर उभं केलं ते याच रत्नागिरीत ना? आणि आपण अजून ओटी पहिली कुणाची यावर धागे काढतोय.

बारावाडी
भांडणं खरी आहेत, नाकारत नाही. आमच्याच भावकीत चुलत्यांनी दोन वर्षं एकमेकांचं पाणी बंद केलं होतं, कारण काय तर पालखीची दांडी पुढून कोणी धरायची. पतितपावनचा दाखलाही योग्यच. मान म्हणजे इतरांना मज्जाव असा अर्थ जिथे लावतात तिथे तो मोडलाच पाहिजे, माझं दुमत नाही. पण एका म्हातारीच्या अंगणात देव थांबतो, ही गोष्ट वेगळी आहे. तिने कुणाला अडवलंय? अडवली असेल तर ती गाडीने.

सुरंगी
+१. घाटावरचे, आजींकडे जाऊन आलात का? रिकाम्या हाताने जाऊ नका.

घाटावरचा
जाऊन आलो. जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

बारावाडी, पैज जिंकलात. ७ नंबर म्हणजे तुळशीवृंदावनाच्या पुढची जागा. ५ आणि ६ वर पडवी होती. लॉबी आहे तिथे, आजींच्या शब्दांत, 'न्हाणीघर आणि लाकडं'. म्हणजे आम्ही देवासाठी गालिचा अंथरून स्टेज बांधलं ते न्हाणीघरात.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. गेल्या वर्षी संध्याकाळपासून आजी निरांजन आणि तांब्या घेऊन त्या गाडीशेजारी उभ्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून गाडीला टेकून. मी बघितलं आणि मला वाटलं, आजींना गर्दीत नीट दिसायचं नाही. मी खुर्ची आणली, हाताला धरून त्यांना लॉबीत नेलं आणि स्टेजच्या अगदी पुढ्यात बसवलं. त्या काहीतरी म्हणाल्या होत्या, स्पीकरमुळे मला ऐकू आलं नाही. पालखी आली तेव्हा त्या खुर्चीतच होत्या, आणि गर्दी त्यांच्या आणि पार्किंगच्या मधे. गुरव गाऱ्हाणं घालताना इकडेतिकडे बघत होते ते मला आठवतंय. मला वाटलं, आमची सजावट बघतायत.

मी म्हटलं, आजी, तुम्ही तेव्हाच ओरडून सांगायचं नाही का. तर म्हणाल्या, "तुमी एवढी खुर्ची आणलीत, तुमचा मान नको ठेवायला?"

नंतर त्यांनी तासभर सांगितलं. पूर्वी पालखीबरोबर खेळे, म्हणजे सोंगं घेऊन नाचणारी मंडळी, यायचे, अंगणात मृदुंग वाजायचा. संकासुर काळ्या कपड्यांत, डोक्यावर ती उंच टोपी, पोरं त्याला चिडवून माडाच्या मागे लपायची. गोमू, म्हणजे बाईचं सोंग, नाचायची ती गावातलाच सुतार, दुसऱ्या दिवशी तोच दार दुरुस्त करायला आला की आजींना हसू आवरायचं नाही. एका वर्षी अंगणात नारळ पुरून खूण घातली होती, पालखी सगळं अंगण फिरली आणि बरोबर त्या जागी जाऊन वाकली. तो नारळ कुठे पुरला ते फक्त सासऱ्यांना ठाऊक होतं. मी इंजिनिअर माणूस, मला यावर बरंच काही विचारायचं होतं. नाही विचारलं.

चाकरमानी_डोंबिवली
खुर्चीचं वाचून गप्प बसलो दोन मिनिटं. आमच्या आईलाही गेल्या शिमग्यात 'तू आत बस, थंडी आहे' म्हणून आत बसवलं होतं मी.

अबोली
आता पुढे काय ठरलं? आणि पाचव्या मजल्यावरच्या वहिनींची ओटी?

घाटावरचा
काल मीटिंग झाली. या वेळी हजर होतो. स्टेज, फ्लेक्स, स्पीकर, तिन्ही रद्द. दोघांनी विरोध केला. एकाचं म्हणणं, आपण सगळे समान मेंटेनन्स भरतो, मग एकाच फ्लॅटला पहिली ओटी का? मुद्दा अगदीच चुकीचा नाही, त्यामुळे मी आजींनाच मीटिंगला आणलं. त्या म्हणाल्या, पाण्याचा तांब्या माझा, निरांजन माझं, ओटी सगळ्या बायकांनी रांगेने भरा, मी मागे उभी राहते. त्यावर पाचव्या मजल्यावरच्या वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, तुम्ही मागे उभ्या राहिलात तर मी ताट घेऊन खालीच येणार नाही. विषय संपला. पहिली ओटी आजींची, मग रांग, भाडेकरूंसकट.

७ नंबरवाले नाशिकचे आहेत. चावी वॉचमनकडे ठेवून जातो म्हणाले होते, आता म्हणतात गावालाच जात नाही, पालखी आपल्या पार्किंगमध्ये येते म्हटल्यावर कसा जाणार. ५, ६ आणि ८ च्या गाड्याही रात्रभर बाहेर लावायच्या, नाचायला मोकळी जागा होईल. वरून केबलच्या दोन वायरी लोंबतात, त्या केबलवाल्याला उचलायला सांगितल्यात. गुरवांनाही जाऊन भेटलो. माफी मागायला गेलो होतो, त्यांनी आधी चहा दिला आणि मग विचारलं, "म्हातारी बरी आहे ना? त्या दिवशी दिसली नाही."

एक अडचण उरली आहे. आजींची अट आहे की पालखी टेकते ती जागा शेणाने सारवायची. तिथे पेव्हर ब्लॉक आहेत. त्यावर शेण धरेल का? आणि मुळात शहरात शेण मिळतं कुठे? ऑनलाइन गोवऱ्या दिसतायत, ओलं शेण नाही.

सुरंगी
पेव्हर ब्लॉकवर नुसतं शेण टिकणार नाही, वाळलं की पापुद्रे निघतील. थोडी लाल माती कालवा, आदल्या संध्याकाळी एक हात आणि पालखीच्या दिवशी दुपारी दुसरा हात द्या. पातळ ठेवा. हातानेच सारवा, झाडूने फराटे उठतात.

कातळ
शेण माझ्याकडून. दोन म्हशी आणि एक गाय आहे, शहरापासून पाऊण तासावर. बादली तुमची आणा आणि झाकणाची आणा, गेल्या वेळी एकाने उघडी बादली एसटीत चढवली होती.

७नंबर
नवीन आयडी काढलाय, सांभाळून घ्या. गाडी माझीच. कातळभाऊ, रविवारी सकाळी आलो तर चालेल का? डिकीत वर्तमानपत्रं अंथरून आणतो.